भंगारातली कल्पना

माणसाने तीन वस्तू जुन्या विकत घेऊ नयेत, असे माझे वडील सांगत असत : घड्याळ, सायकल आणि म्हैस. घड्याळाचे वय दिसत नाही, सायकलचे दिसते पण विकणारा वर रंग मारतो, आणि म्हशीला खरे काय ते ठाऊक असते पण ती बोलत नाही. वडिलांच्या या यादीत नेटवर्क स्विच नव्हता. त्यांच्या काळी ती वस्तूच नव्हती. त्यामुळे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी जुना स्विच घ्यायला घराबाहेर पडलो, तेव्हा पितृवचनाचा भंग केला असे निदान कायद्याने तरी म्हणता येणार नाही.

प्रकरणाला सुरुवात झाली ती रात्रीच्या जेवणाच्या वेळी.

"आबा, मला स्विच घ्यायचेत. जुने चालतील. तीन पाहिजेत," नात म्हणाली.

मी म्हटले, "तुझ्या खोलीत एक दिवा नि एक पंखा. तिसरा कशाला?"

ती हसली नाही. यावरून मी ओळखले की मामला गंभीर आहे.

मामला असा होता. आमच्या नातीने संगणकाची पदविका घेतली आहे. सिस्को नावाच्या अमेरिकन कंपनीची सीसीएनए नावाची एक परीक्षा असते. ती पास झाले की संगणकांची जाळी बांधायला आणि सांभाळायला येते असे जग मानते, आणि मग नोकरी मिळते. परीक्षेची फी तीनशे डॉलर. हा आकडा रुपयांत सांगितला तर त्या रात्री घरात कोणी जेवले नसते, म्हणून तिने तो डॉलरातच सांगितला. ती एकदा बसली होती आणि थोडक्यात हुकली होती. "वाचलेलं सगळं येत होतं आबा, पण हात बसलेला नव्हता," असे तिचे म्हणणे. चिरंजीवांनी सहा महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात झाले तर झाले, नाही तर मुकाट्याने बँकेच्या परीक्षा.

चिरंजीव म्हणाले, "ते खेळण्यातलं नेटवर्क कॉम्प्युटरवर फुकट मिळतं ना? मग खरे डबे कशाला?"

त्यांचे अगदीच चूक नव्हते. 'पॅकेट ट्रेसर' नावाचा एक प्रोग्रॅम सिस्को शिकणाऱ्यांना फुकट देते, आणि या परीक्षेचा बराचसा अभ्यास त्याच्यावर होतो. नातीने तो घोटून प्यायला होता. पण खेळण्यातल्या नेटवर्कमध्ये तार कधी ढिली होत नाही, पंखा कधी अडकत नाही आणि आधीच्या मालकाचा पासवर्ड कधी आडवा येत नाही. बुलेटवर फोटो काढून घेतला म्हणून बुलेट चालवता येत नाही, तसेच हे.

माझ्याकडे काशीयात्रेसाठी बाजूला काढून ठेवलेले थोडे पैसे होते. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. ती म्हणाली, "काशी काही पळून जात नाही. पोरीचं वय पळतं."

२०१८ साली केंद्र सरकारने आमच्या वाशीम जिल्ह्याचे नाव देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातले. आकांक्षा आमच्या घरी त्याच्या आधीपासूनच होती. खोळंबा होता तो पैशांचा, आणि तो काशीविश्वेश्वराने सोडवला.

आता तुम्ही म्हणाल, या विषयात या म्हाताऱ्याचा काय संबंध? तर सांगतो. मी स्वतः स्विच होतो.

थट्टा नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी आम्ही सगळे अकोला जिल्ह्यात. त्या जुन्या अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी टेलिफोन ऑपरेटर होतो. समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्यांचे प्लग, कानाला हेडफोन. गावातल्या कोणीही फोन उचलला की माझ्यापुढे खूण व्हायची. मी "नंबर प्लीज" म्हणायचो, एक प्लग त्याच्या भोकात, दुसरा पाहिजे त्याच्या भोकात. अकोला, नागपूर, मुंबई हवे असेल तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट पाहायची. एखाद्याच्या घरी बाळंतपण अडले, कोणाचा कापसाचा भाव पडला, कोणाचे लग्न मोडले, ते सगळे माझ्या दोन हातांमधून जात असे.

आणि मी नुसता प्लग खुपसणारा नव्हतो. गावातले डॉक्टर संध्याकाळी क्लबात पत्ते खेळतात, हे मला माहीत होते. त्या वेळी त्यांच्या घरचा नंबर मागितला की मी सरळ क्लबाला जोडून देत असे. अडत्या दुपारी दुकानात नसतो, जिनिंगमध्ये असतो, हेही माहीत. कोण कुठे सापडेल याची वही माझ्या डोक्यात होती.

नातीने मला नेटवर्क स्विच समजावून सांगितला तेव्हा मी थक्क झालो. प्रत्येक संगणकाला कारखान्यातच अठ्ठेचाळीस बिटांचा एक पत्ता मिळतो. स्विच काय करतो, तर कोणत्या भोकातून कोणता पत्ता बोलला ते ऐकतो आणि टिपून ठेवतो. पुढच्या वेळी त्या पत्त्याचा निरोप आला की बरोबर त्याच भोकातून बाहेर काढतो. पत्ता ठाऊक नसेल तर निरोप आला ते भोक सोडून सगळ्या भोकांतून ओरडतो, आणि जो उत्तर देईल त्याचे नाव टिपतो. म्हणजे डॉक्टर आणि क्लब!

"फक्त एक आहे आबा," नात म्हणाली, "पाच मिनिटं कोणी बोललं नाही तर स्विच त्याचं नाव खोडतो. तीनशे सेकंद."

तीनशे सेकंद! मला १९८१ सालचे नंबर अजून पाठ आहेत. ज्यांचे ते नंबर होते, त्यांतली बरीच माणसे फोन उचलण्याच्या पलीकडे गेली आहेत. पण आमच्या वहीत खाडाखोड नाही.

या स्विच नावाच्या वस्तूचा इतिहास मी मग मुद्दाम काढला, आणि तो माझ्या जातीला फारसा अनुकूल निघाला नाही. कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ होता. धंदा अंत्यसंस्काराचा. सांगतात ते असे, की गावात याच धंद्यातला दुसरा एक होता आणि त्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती. कोणाच्या घरी माणूस गेले आणि त्याने स्ट्राउजरचा नंबर मागितला, की बाई नवऱ्याला जोडून देत. मेलेली माणसे सगळी तिकडे जाऊ लागली. चिडून स्ट्राउजरने ऑपरेटरशिवाय नंबर जोडणारे यंत्रच काढले. १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ साली अमेरिकेतल्या ला पोर्ट या गावी त्याचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. म्हणजे स्विचचा जन्मच मुळी ऑपरेटरवरच्या संशयातून झाला. आम्ही फोन क्लबाला जोडत होतो ते लोकांच्या सोयीसाठी, हे त्याला कोणी सांगायला हवे होते.

ते यंत्र आपल्याकडे यायला वेळ लागला, पण आले. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातली पहिली एसटीडी सुरू झाली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ पोर्टांचे छोटे एक्स्चेंज केले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसे, उन्हाळ्यातली धूळ आणि उकाडा ते सोसत असे. यंत्र गुणी होते, नाही म्हणत नाही. ते आले त्या दिवशी मला बोर्डावरून उठवून बिलांच्या टेबलावर बसवले. मी काचेतून पाहत असे. डब्यात आत काय चालले आहे, हे मला कोणी उघडून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही. माझ्या आयुष्यातला हा एक न विचारलेला प्रश्न. म्हणून नातीने स्विचचे नाव काढताच मी म्हणालो, "मी आणतो."

इथे पहिली चूक झाली.

अकोल्याला एका भंगारवाल्याकडे मी एकटाच गेलो. बँका नि कचेऱ्या यांचे जुने सामान त्याच्याकडे येते. त्याने ढिगातून एक लांबलचक लोखंडी डबा ओढून काढला. पुढे ओळीने चोवीस भोके.

"हे घ्या साहेब. लय मजबूत माल हाये. आताचे नुसते पत्र्याचे येऊन राह्यले."

मी उचलून पाहिला. चांगला जड होता. आमच्या पिढीला जड वस्तूविषयी आदर असतो. मी म्हटले, "चालतो का?"

"न चालाले काय झालं? दिवे लागतात ना!"

दिवे लागले. सगळेच्या सगळे. मी खूष झालो. त्याने किलोवर भाव लावला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मी उलट काट्याकडेच बारीक लक्ष ठेवून होतो. डबा पोत्यात घालून गाडीने वाशीमला आणला.

नातीने डबा उलटासुलटा करून पाहिला. मग हळूच म्हणाली, "आबा, याला कन्सोल नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे याच्याशी बोलता येत नाही. आणि हा स्विचच नाही. हा हब आहे."

हब म्हणजे काय ते समजायला थोडे मागे जावे लागते. १९७३ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट काढले. कल्पना साधी. एक लांब तार, तिला सगळे संगणक टांगलेले. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाते, ज्याचा निरोप असेल त्याने घ्यायचा. बोलण्याआधी कोणी बोलत नाही ना हे ऐकायचे. तरीही दोघे एकदम बोललेच तर दोघांनी गप्प बसायचे आणि प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा सुरुवात करायची. हा नियम मी आमच्या भाऊबंदांच्या वाटणीच्या बैठकीत लावून पाहिला असता, पण तिथे पहिल्या कलमाला गाडी अडली असती.

हब म्हणजे हीच तार डब्यात घातलेली. चार संगणक असले तर ठीक. चाळीस झाले की चावडी होते. सगळे बोलतात, सगळे अडखळतात, काम कोणाचेच होत नाही. आणि मी हौसेने किलोवर चावडी विकत आणली होती.

"मग हे चावडीचं दुखणं गेलं कसं?" मी विचारले.

"कल्पनामुळे."

"कोणाच्या?"

"कोणाच्या नाही आबा. कल्पनामुळे."

"अगं पण कल्पना कोणाची तरी असेलच ना!"

हा संवाद आणखी बराच वेळ चालला असता. शेवटी तिने उलगडून सांगितले. विनोद भारद्वाज नावाच्या भारतीय माणसाने लॅरी ब्लेअर या भागीदाराबरोबर १९८७ साली अमेरिकेत एक कंपनी काढली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले : कल्पना. या कल्पना कंपनीने १९९० च्या सुमाराला सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला. इथरनेटचा हा पहिला स्विच. चावडीवरची सगळी माणसे उठवून त्याने प्रत्येकाला स्वतंत्र तार दिली आणि मध्ये एक ऑपरेटर बसवला. माझी खुर्ची शंभर वर्षांपूर्वी स्ट्राउजरने काढून घेतली होती. संगणकांच्या दुनियेत ती कल्पनाबाईंनी परत मांडली.

सौभाग्यवती भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "बघा. लोक बायकोच्या नावाने कंपन्या काढतात. तुम्ही सायकलच्या मडगार्डवरसुद्धा माझं नाव टाकलं नाही."

मी विषय सिस्कोवर नेला. सिस्को निघाली तीही १९८४ साली, म्हणजे आमच्या सी-डॉटच्याच वर्षी. स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या नवराबायकोने ती काढली. सॅन फ्रान्सिस्को या नावाचे शेपूट तोडून 'सिस्को' केले. या कंपनीला स्वतःचा स्विच नव्हता. तिने १९९३ साली क्रेसेंडो नावाची कंपनी विकत घेतली आणि १९९४ साली कल्पना. आज भंगारात जे 'कॅटॅलिस्ट' नावाचे सिस्कोचे जुने स्विच मिळतात, त्यांचे घराणे अशाच विकत घेतलेल्या माहेरांचे. म्हणजे मोठ्या कंपनीनेसुद्धा स्विच दुसऱ्याकडूनच घेतले होते. माझी चूक एवढीच, की मी वजन पाहिले.

दुसऱ्या खेपेला नात बरोबर आली. एसटीने नागपूर गाठले आणि सीताबर्डीत जुने संगणकी सामान विकणाऱ्या एका दुकानात शिरलो. वाटेत तिने मला धडा दिला होता. आमच्याकडे बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, पायाखाली पाहतात. इथेही तसेच.

आधी कन्सोलचे भोक पाहायचे. ते असेल तरच स्विचला आज्ञा देता येतात. मग नंबर पाहायचा. नावात एक्सएल असलेले फार जुने, ते लांबूनच नमस्कार करून सोडायचे. २९५० चालतो, पण त्याला आयपीव्ही-सहा समजत नाही. २९६० उत्तम, पण त्याच्या नंबरच्या शेवटी एस असेल तर सोडायचा आणि एल असेल तर घ्यायचा. एस म्हणजे अर्धी विद्या शिकवलेला. ३५६० सगळ्यांत शहाणा, कारण तो राउटरचेही काम करतो. पण त्यातला पीएस लिहिलेला घ्यायचा नाही. तो तारेतूनच दुसऱ्या उपकरणांना वीज पुरवणारा असतो, ३७० वॅटपर्यंत. घरात तो लावला की पंखे गिरणीसारखे ओरडतात, आणि परीक्षेला त्याचा उपयोग नाही. त्यानंतर स्विच चालू करून 'शो व्हर्जन' म्हणायचे आणि प्रोग्रॅमच्या नावात 'के-नाइन' अक्षरे आहेत का पाहायचे. ती असली तरच लांबून कुलूपबंद वाटेने त्याच्याशी बोलता येते. शेवटी ती निळी चपटी कन्सोलची तार मागून घ्यायची, आणि तिला यूएसबीचा जोड, कारण आताच्या लॅपटॉपला नऊ टाचण्यांचे जुने भोक नसते.

दुकानदाराने नातीला पाहिले, मग मला पाहिले, आणि माहिती मलाच सांगायला सुरुवात केली. मी म्हटले, "मी नुसता हमाल आहे. बैल ती घेणार." तिने काउंटरवरच तार लावली, पडद्यावर आज्ञा टाकल्या, एक स्विच परत केला, दुसऱ्याचा पंखा कानाजवळ नेऊन ऐकला. पंधरा मिनिटांनी दुकानदार तिला "मॅडम" म्हणू लागला. एक ३५६० आणि एक २९६० ठरला. भाजीवाली वर मिरच्या टाकते तसा त्याने एक जुनाट २९५० वर टाकला. "घेऊन जा मॅडम, कोणी विचारत नाही." तिन्ही मिळून काशीच्या निम्म्या वाटेपर्यंतचे पैसे लागले. तीनच का, हेही मी विचारून ठेवले होते. दोन ठिपक्यांची रेघ होते, त्रिकोणाला तीन लागतात. त्रिकोणाची गंमत पुढे सांगतो.

घरी आल्यावर २९६० ने पासवर्ड मागितला. आधीच्या मालकाने तो काढला नव्हता. नात म्हणाली, "आबा, वीज घालवा, हे मोड बटण दाबून धरा आणि धरूनच वीज लावा." मी बटण दाबले. वर्षानुवर्षे प्लग खुपसलेल्या बोटाला ते कसे बरोबर सापडले. पडद्यावर अर्धवट जागा झालेला स्विच दिसू लागला. त्याच्या पोटात जुन्या मालकाची सगळी मांडणी जशीच्या तशी होती.

"वाचू का आबा? कोणाचा होता, कुठे काय जोडलं होतं, सगळं कळेल."

मी तिला थांबवले. १८८५ च्या तार कायद्यात दुसऱ्याचा निरोप फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा सांगितली होती. आम्ही तिच्या धाकाने गप्प राहत होतो असे नाही, पण कानावर पडलेले पोटात ठेवायचे हा ऑपरेटरचा धर्म होता. गावात मोडलेली किती लग्ने मला आधी कळली होती, आणि मी वऱ्हाडात जाऊन निमूटपणे जेवलो होतो. मी म्हटले, "न वाचता पूस." तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुसले. मला वाटते, त्या दिवशी तिचा अभ्यासक्रमाबाहेरचा एक धडा झाला.

मग रोज संध्याकाळी आमच्या बैठकीत त्रिकोण मांडला जाई. ती एकाच स्विचचे तीन वेगळे भाग करी. एकाच मांडवात तीन पंगती बसाव्यात, आणि या पंगतीचा वाढपी त्या पंगतीत जाऊ नये, तसे. दोन स्विचच्या मध्ये या सगळ्या पंगतींचे सामान एकाच तारेतून न्यायचे, त्या तारेला म्हणतात ट्रंक. हा शब्द ऐकून मला भरून आले. पण ३५६० ट्रंक व्हायला तयार होईना. आज्ञा दिली की नाही म्हणे. एक पूर्ण संध्याकाळ गेली. मग कळले की त्याला सामानावर चिठ्ठी लावायच्या दोन पद्धती येतात, एक सिस्कोची घरची आणि दुसरी १९९८ साली ठरलेली सगळ्या जगाची. कोणती वापरायची ते आधी सांगितल्याशिवाय तो हलत नाही. मी म्हटले, "पोरी, ही तर आपली मीटर गेज आणि ब्रॉड गेज." पूर्णा-अकोला लाइन २००८ साली रुंद होईपर्यंत आम्ही अकोल्याला सामान डोक्यावर घेऊन गाडी बदलत होतो. दोन रुळांचे दुखणे आम्हाला कोणी शिकवायला नको. आणि १९९८ सालचे पाहा. जगाची ही चिठ्ठी त्या वर्षी ठरली, सीसीएनए परीक्षाही त्याच वर्षी निघाली, आणि वाशीम जिल्हाही त्याच वर्षी झाला. जिल्ह्याच्या जन्माच्या वेळी हे दोन पाहुणे येऊन गेले, आम्हालाच पत्ता नव्हता.

आता त्रिकोण. तीन स्विच एकमेकांना जोडले की एक तार तुटली तरी दुसऱ्या वाटेने निरोप जातो. सोय चांगली. पण सगळ्यांसाठी ओरडलेला निरोप त्रिकोणात गोल गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीत वाढतो, आणि गावात आवई उठावी तसे सगळे जाळे क्षणात बसते. यावर १९८५ साली रेडिया पर्लमन या विदुषीने डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना उपाय काढला आणि आपल्या निबंधाच्या आरंभी त्यावर एक कविताही घातली. उपाय असा : सगळ्या स्विचनी मिळून एकाला घरचा कर्ता निवडायचे, प्रत्येकाने कर्त्याकडे जाणारी जवळची वाट तेवढी चालू ठेवायची, आणि उरलेली जादा वाट मिटून घ्यायची.

नातीने तिन्ही स्विच जोडले आणि कर्ता कोण झाला ते पाहिले. झाला कोण? तो मिरच्यांबरोबर आलेला २९५०!

"असं कसं?" मी विचारले, पण मनातून मला बरे वाटले होते.

"सगळ्यांचा मान सारखाच असतो आबा, ३२७६८. मग ज्याचा पत्ता लहान तो कर्ता. आणि लहान पत्ता बहुधा जुन्याचा असतो."

"म्हणजे वडीलधारा. बरोबरच आहे."

"बरोबर नाही. वाहतूक कर्त्याकडून वळते. जुना दमतो, मग सगळं घर हळू चालतं. पुष्कळ कचेऱ्यांत असंच होतं, कोणी पाहतच नाही." असे म्हणून तिने दोन आज्ञा टाकल्या. ३५६० ला ४०९६, २९६० ला ८१९२. इथे लहान आकड्याला मान मोठा. एका क्षणात म्हातारा कर्तेपणावरून उतरला. त्याच्या एका भोकावरचा हिरवा दिवा गेला आणि नारिंगी लागला.

मी काही बोललो नाही. मला तो काचेपलीकडचा डबा आणि बिलांचे टेबल आठवले. थोड्या वेळाने म्हटले, "म्हणजे ते भोक बंदच केलंस."

"बंद नाही आबा. नारिंगी म्हणजे बोलत नाही, पण ऐकतोय. कर्त्याकडून दर दोन सेकंदांनी निरोप येतो, सगळं ठीक आहे म्हणून. तो ऐकत बसतो. बघा आता." तिने दोन नव्या स्विचच्या मधली तार काढली. पडद्यावरचे निरोप थांबले. मी घड्याळ लावले. दहा, वीस, तीस. चिरंजीवही येऊन उभे राहिले. पन्नासाव्या सेकंदाच्या आसपास नारिंगी दिवा हिरवा झाला आणि सगळे निरोप म्हाताऱ्याच्या अंगावरून सुरळीत जाऊ लागले.

"नव्या पद्धतीत हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं," नात म्हणाली. "ही जुनी पद्धत. उठायला वेळ लागतो, पण उठतो."

चिरंजीवांनी ती तार स्वतःच्या हाताने परत लावली. बँकेचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

परीक्षा मुदतीच्या आत झाली. नात पास झाली आणि पुण्याला नोकरीला लागली. तिन्ही स्विच रिसोडकडच्या एका मुलाला दिले, त्रिकोण मोडू नये म्हणून तिन्ही एकदम. देताना मी त्याला एल आणि एस समजावून सांगितले. तो माझ्याकडे आदराने पाहत होता. हब मात्र आमच्याकडेच आहे. त्यावर सौभाग्यवती पाण्याचा माठ ठेवते. जड असल्यामुळे हलत नाही.

परवा रात्री दोन वाजता फोन वाजला. नातीची रात्रपाळी होती. कचेरीत कुठलीशी मोठी तार तुटली होती, तासभर धावपळ करून तिने एकटीने सगळे मार्गी लावले होते, आणि आता हात थरथरत होते.

"आबा, झोपला होता का?"

"नाही गं," मी म्हणालो. "ऐकत होतो."

फोनपर्यंत पोहोचायला पन्नास सेकंद लागले, एवढेच.